'चार'मध्ये 'म' मावत नाही

आपल्याकडे सी शिकवताना पहिल्याच महिन्यात एक थाप मारली जाते. इतकी वर्षं मारली जातेय की आता मारणाऱ्यालाही ती थाप आहे हे आठवत नाही. थाप अशी: "कॅरॅक्टर म्हणजे अक्षर. एका 'चार'मध्ये एक अक्षर मावतं. अशी अक्षरं ओळीने मांडायची, शेवटी शून्य ठेवायचं, झाली स्ट्रिंग."

(त्या शब्दाचा उच्चार 'कॅर' की 'चार' यावर पुण्या-मुंबईच्या लोकांशी वाद होऊ शकतो. आमच्या अमरावती-अकोल्याकडे सगळे 'चार' म्हणतात, म्हणून इथेही 'चार'. "चार म्हणजे एक बाईट" हे वाक्य आमच्याकडची पोरं पहिल्या तासाला पचवतात, त्यामुळे पुढे कशाचंच आश्चर्य वाटत नाही.)

तर वरच्या थापेतलं शेवटच्या शून्याचं तेवढं खरं आहे. बाकीचं इंग्रजीपुरतं खरं आहे. आणि वऱ्हाडात बसून, मराठी शाळेतून आलेल्या पोरांना, त्यांचं स्वतःचं नाव मराठीत असताना हे सांगणं म्हणजे शुद्ध खोटं बोलणं आहे. माझं म्हणणं एवढंच की हे खोटं निरुपद्रवी नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजतं, आणि मोजणारा सहसा सी शिकलेला नसतो.

शंका असेल तर आत्ता करून बघा. लिनक्सवर जीसीसी घ्या आणि एका 'चार'ला एकेरी अवतरणात 'म' द्या. कंपायलर लगेच कुरकुरतो की हे एक कॅरॅक्टर नाही, अनेक आहेत. त्याचं बरोबर आहे. यूटीएफ-८ मध्ये 'म' म्हणजे तीन बाईट: २२४, १६४, १७४. ते एका बाईटच्या डबीत कोंबले की शेवटचा तेवढा उरतो, आणि आपल्या नेहमीच्या पीसीवर साधा 'चार' चिन्हासहित असल्यामुळे छापून पाहिलं तर उणे ८२ दिसतं. म्हणजे आपण ठेवायला गेलो मराठीचा 'म' आणि हातात आलं उणे ८२.

आता स्ट्रिंगकडे या. पहिलीतल्या पोराला विचारा, 'अमरावती'त अक्षरं किती? बोटांवर मोजून सांगेल, ५. अ, म, रा, व, ती. युनिकोडला विचाराल तर ७, कारण तिथे काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत (या क्रमांकांना कोडपॉइंट म्हणतात). आणि स्ट्रलेनला विचाराल तर २१, कारण देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाईट खातो. 'अकोला' घ्या: ३, ५, १५. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. बाईट किती, कोडपॉइंट किती, अक्षरं किती. इंग्रजीत हे तिन्ही आकडे एकच येतात, म्हणून इंग्रजीवर शिकलेल्या पोराला प्रश्न तीन आहेत हेच कधी कळत नाही. मराठीवर शिकला असता तर पहिल्या प्रॅक्टिकललाच कळलं असतं.

आणि मग नोकरीत लागल्यावर तो काय लिहितो? 'चार नाव[२०]'. लॅबच्या वहीत तसंच होतं ना. आता त्यात 'ज्ञानेश्वर' भरा. ज्ञा, ने, श्व, र. अक्षरं ४, कोडपॉइंट १०, बाईट ३०, शेवटचं शून्य धरून ३१. चार अक्षरांचं नाव, 'चार' वीस, तरी मावत नाही! स्ट्रकॉपी वापरलंत तर उरलेले ११ बाईट शेजारच्याच्या घरात घुसतात. शहाणपणाने स्ट्रएनकॉपीला २० चा आकडा दिलात तर 'ज्ञाने' इथपर्यंत नाव येतं, पुढे 'श'चे दोन बाईट लोंबकळत राहतात, आणि शून्य ठेवायला जागाच उरत नाही, म्हणून ते ठेवलंच जात नाही. इंग्रजीत लिहिलेलं 'ज्ञानेश्वर' मात्र ११ अक्षरांत आरामात बसतं, त्यामुळे टेस्टिंगमध्ये काहीच सापडत नाही. 'लक्ष्मण' तर तीनच अक्षरं. बाईट २१. तेही नाही मावत.

बफर फुटण्याला जगात कोणी हलकं समजत नाही. १९८८ साली मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला तो ज्या वाटांनी, त्यातली एक वाट 'गेट्स' या फंक्शनची होती. समोरून किती येतंय हे न बघता ओतत सुटणारं फंक्शन. २०११ च्या मानकात सीने ते शेवटी काढून टाकलं. पण "किती येतंय" याचा अंदाज इंग्रजीवरून बांधायची सवय कुठलंही मानक काढू शकत नाही. ती वर्गातच काढावी लागते.

दुसरी सवय 'इजअल्फा'ची. हे अक्षर आहे का, असं विचारणारं फंक्शन. नियम असा आहे की त्याला फक्त बिनचिन्ह 'चार'मध्ये मावणारी किंमत द्यायची, नाहीतर फाइल संपल्याची खूण. आपल्या 'म'चे तिन्ही बाईट चिन्हासहित 'चार'मध्ये उणे होतात: उणे ३२, उणे ९२, उणे ८२. हे तसेच पाठवलेत तर पुढे काय होईल याची भाषा काहीही हमी देत नाही. कधी 'नाही' उत्तर येईल, कधी 'हो' येईल, कधी प्रोग्राम कोसळेल. मराठीचं अक्षर अक्षर आहे का, हा प्रश्न आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत अव्याख्यायित आहे. यापेक्षा बोलकी गोष्ट मला सुचत नाही.

आता परीक्षेला हमखास येणारा पॅलिंड्रोम घ्या. शब्द उलटा करा, तसाच राहतो का बघा. इंग्रजी 'मॅडम'वर सगळे पास होतात. आमच्या आज्या नातवंडांना "रामाला भाला मारा" उलटं वाचायला लावायच्या. रा, मा, ला, भा, ला, मा, रा. सात अक्षरं, कुठूनही वाचा. हे वाक्य मधली जागा गाळून आपल्या प्रोग्रामला द्या. बाईट उलटे केले तर निघतो निव्वळ कचरा, तो यूटीएफ-८ च राहत नाही. कोडपॉइंट उलटे केले तर वाक्याची सुरुवात होते कान्याने, मागे अक्षरच नाही. दोन्ही वेळा उत्तर: "पॅलिंड्रोम नाही." नापास कोण झालं? आजी?

गेल्या वर्षी एका लॅबमध्ये मी हे दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मंग आमाले हे काऊन नाई सांगतलं कोनी?" तिथे डॉसबॉक्समध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी चालू होतं. ज्या पडद्यावर 'म' उमटूच शकत नाही, तिथे 'म'चा प्रश्न पडणार कोणाला? पोरांना प्रश्न पडू नये अशी चोख व्यवस्था आपण करून ठेवली आहे.

इथपर्यंतचं हिंदीवाल्यांनाही लागू आहे. आता खास आपलं. आपल्या भागाचं नाव घ्या: वऱ्हाड.

व, ऱ्हा, ड. तीन अक्षरं. पण त्या मधल्या अर्ध्या र ची, रफार होऊन डोक्यावर न जाता आडवा राहणाऱ्या र ची, युनिकोडमध्ये लिहायची एकच रीत नाही. पहिली रीत: खाली टिंब असलेला ऱ, त्याचा पाय मोडायचा, मग ह. कोडपॉइंट ६, बाईट १८. दुसरी: साधा र, त्याचा पाय मोडायचा, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग ह. कोडपॉइंट ७, बाईट २१. युनिकोडने ही रीत जुन्या आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून ठेवली आहे. तिसरी: साधा र, वेगळा नुक्ता, पायमोड, मग ह. पुन्हा ७ आणि २१. पडद्यावर तिन्ही सारखे, छापल्यावर सारखे, वाचणाऱ्याला सारखे. स्ट्रकम्पला विचारा: तिन्ही वेगळे.

पहिली आणि तिसरी रीत नॉर्मलायझेशन केल्यावर एक होतात, तेवढी सोय युनिकोडने केली आहे. दुसरी होत नाही, ते न दिसणारं चिन्ह तसंच राहतं. म्हणजे "आम्ही नॉर्मलाइज करतो" म्हणणारेही इथे फसतात.

कोणी म्हणेल, असे शब्द किती? अहो, रा किंवा री ने संपणारा शब्द घ्या आणि त्याला विभक्ती लावा. बडनेरा ठीक आहे, बडनेऱ्याला जायचं म्हटलं की आलाच तो. सोयरे ठीक, सोयऱ्यांना नाही. शेतकरी ठीक आहे, त्याला कुठलाच प्रोग्राम अडत नाही. पण शेतकऱ्याला काही द्यायचं म्हटलं, शेतकऱ्याचं काही नोंदवायचं म्हटलं, की स्ट्रिंग जुळेलच याची खात्री गेली. आमच्या भागात या शब्दाशिवाय एक अर्ज निघत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी अकोल्याकडच्या एका संस्थेचं काम आलं होतं. नाव सांगत नाही, माणसं भली आहेत. त्यांच्याकडे सभासदांच्या दोन याद्या. एक जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली, नंतर युनिकोडमध्ये रूपांतर केलेली. दुसरी मोबाईलवरून भरून घेतलेली. दोन्हींचा मेळ घालणारा प्रोग्राम आधीच कोणीतरी लिहून दिला होता आणि बाकी सगळं व्यवस्थित चालत होतं. फक्त ज्यांच्या आडनावात तो आडवा र होता ते सगळे "आढळले नाही" मध्ये. टेबलामागचा पोरगा म्हणे, "काका, तुमचं नाव यादीत नाही." काका स्क्रीनवर बोट ठेवून म्हणत, "मंग हे लिवलं हाये ते कोनाचं नाव हाये?" दोघंही खरं बोलत होते. रूपांतर केलेल्या यादीत जॉइनरवाला र होता, मोबाईलच्या यादीत टिंबवाला. काकांना तीन चकरा पडल्या, एसटीने, प्रत्येक चकरेला एक दिवस. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याची गंधवार्ता नाही. त्याने तर कॉलेजमध्ये शिकवलं तसंच केलं होतं: दोन स्ट्रिंग, स्ट्रकम्प, शून्य आलं तर सारख्या.

यावर काही हुशार लोक एक उपाय काढतात: न दिसणारी चिन्हं आधी झाडून टाकायची. करून बघा. जॉइनरवाल्या 'दऱ्या'मधून जॉइनर काढला की उरतं 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. 'आचाऱ्याला पैसे दिले' यातून काढला की 'आचार्याला पैसे दिले'. स्वयंपाकी गेला, गुरुजी आले. आणि आपलं वऱ्हाड होतं 'वर्हाड', म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यावर रफार. साफसफाई करताना घरमालकालाच बाहेर काढण्यातला हा प्रकार.

यादी क्रमाने लावायची म्हटली तरी तेच. स्ट्रकम्प बाईट बघतो, त्यामुळे त्याच्या हिशोबाने 'काळ' आधी आणि 'कास' नंतर, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, मग क्ष, ज्ञ. मराठी माणूस यादीत आपलं नाव वर्णमालेच्या क्रमाने शोधतो. युनिकोडचा तक्ता पाठ करून कोणी तहसीलला जात नाही.

आता कोणी म्हणेल की हा सीला शिव्या घालायचा लेख आहे. मुळीच नाही. सी मला प्रिय आहे, आणि या भानगडीत तीच सगळ्यात प्रामाणिक आहे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ती घडवली तेव्हा समोर पीडीपी-११ होतं आणि अक्षरं म्हणजे आस्की, ७ बिटांत १२८ जागा. त्यांनी 'चार' हा बाईटएवढा प्रकार दिला, आणि मानकानेही पुढे 'कॅरॅक्टर' म्हणजे बाईटमध्ये मावणारी गोष्ट असंच स्वच्छ लिहून ठेवलं. 'अक्षर' हा शब्द त्यांनी कुठेही वापरला नाही. तो आपण भाषांतरात घुसडला आणि मग त्यावर विश्वास ठेवला.

१९९२ साली केन टॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी यूटीएफ-८ रचलं तेही सीची अडचण ओळखून. त्यात शून्य बाईट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही, त्यामुळे शून्याने संपणाऱ्या जुन्या स्ट्रिंग तशाच चालतात. स्ट्रकॅट चालतं, स्ट्रस्ट्र चालतं. शिवाय कोडपॉइंटच्या मधले-शेवटचे बाईट नेहमी १२८ ते १९१ याच पट्ट्यात असतात. म्हणजे स्ट्रिंग कुठेही कापायची वेळ आली तर त्या पट्ट्यातला बाईट दिसतोय तोवर मागे सरकायचं, की कोडपॉइंटची सुरुवात मिळते. तीन ओळींचा लूप आहे. आणि अक्षर मोजायचं असेल तर: व्यंजन किंवा स्वर आला की नवं अक्षर धरा, मात्र त्याच्या आधी पायमोड (किंवा पायमोड आणि जॉइनर) असेल तर धरू नका. 'वऱ्हाड' मोजून बघा, बरोबर ३ येतात, पहिल्या रीतीने लिहा नाहीतर दुसऱ्या. रोजच्या मराठीला एवढा नियम पुरतो. पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम. दुसऱ्या सेमिस्टरचं पोरगं एका प्रॅक्टिकलमध्ये लिहील.

आता नेहमीचे आक्षेप.

"सी जुनी झाली, पायथन शिकवा, सगळं आपोआप होतं." होत नाही. पायथनला 'वऱ्हाड'ची लांबी विचारा, ६ म्हणेल, नाहीतर ७. जावा तेच सांगेल. बाईट लपले एवढंच, अक्षरं आली नाहीत. खुद्द युनिकोडचे अक्षर तोडायचे सर्वसाधारण नियम २०२३ पर्यंत 'ऱ्हा'चे दोन तुकडे करत होते. त्या वर्षी १५.१ ही आवृत्ती आली तेव्हा देवनागरीतली जोडाक्षरं सलग धरायला लागले. पहिलीतल्या पोराला जे कळतं ते जगाच्या मानकात यायला ३२ वर्षं लागली. सीमध्ये निदान बाईट उघडे दिसतात, दुखतं कुठे ते कळतं. पायथनमध्ये दुखणं आत जातं.

"हे सगळं लायब्ररी करते, पोरांनी कशाला डोकं फोडायचं?" करते ना. आयसीयू चांगली लायब्ररी आहे, कामाच्या ठिकाणी तीच वापरा. पण दुखतंय हेच ज्याला माहीत नाही तो डॉक्टरकडे जाईल कशाला? लिंक्ड लिस्टचीही लायब्ररी असते. तरी आपण ती हाताने लिहायला लावतोच की.

"मराठीत कोण प्रोग्राम चालवतं? सगळं इंग्रजीत असतं." सातबारा कुठल्या भाषेत आहे? मतदार यादी? ग्रामपंचायतीचा दाखला? महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं तेही १९६४ साली. साठ वर्षं उलटली, दोघांची गाठ अजून पडलेली नाही. आणि इंग्रजीत लिहून सुटका होते म्हणावं तर 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पासबुकवर दुसरं, मार्कशीटवर तिसरं. तो घोळ याहून मोठा आहे.

"अभ्यासक्रमात नाही." हा खरा आक्षेप, बाकीचे सजावट. पण अभ्यासक्रमात "स्ट्रिंग हाताळणी" एवढंच तर असतं. स्ट्रिंग इंग्रजीच हवी असं कुठे लिहिलंय? उदाहरण मास्तर निवडतो. बाजारात पुस्तकं नाहीत असंही नाही. देशभर पोरांच्या बॅगेत दिसणारं 'लेट अस सी' हे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं, म्हणजे विदर्भातल्या माणसाने देशाला सी शिकवली. मग विदर्भातल्या पोराला त्याच्या नावाचे बाईट मोजून दाखवायला आपल्याला कोण अडवतंय? २०२१ मध्ये एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली, मराठीही त्यात आहे. चांगली गोष्ट. पण 'स्ट्रिंग'ला 'अक्षरमाला' म्हटल्याने मराठीतून सी शिकवून होत नाही. त्या माळेत मराठी मणी ओवून दाखवला की होते.

आणि हे आपल्याला परकं आहे असं तर मुळीच म्हणू नका. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर म्हणजे महानुभावांचं तीर्थ, 'लीळाचरित्र' सिद्ध झालं ती जागा. याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पानावर एक वर्ण, वाचायचा दुसरा, आणि मधे किल्ली. किल्ली नसेल तर समोर मराठी असून मराठी दिसत नाही. वि. का. राजवाड्यांनी ती किल्ली उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ते ग्रंथ बंदच होते. एनकोडिंग म्हणजे दुसरं काय असतं? साठवलेलं चिन्ह आणि वाचायचं अक्षर यांत फरक असतो, मधे ठरलेला नियम लागतो, ही गोष्ट या मातीतल्या लोकांना आस्कीच्या कितीतरी शतकं आधी माहीत होती. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याच जिल्ह्यात अमरावती आणि बडनेऱ्याला अभियांत्रिकी कॉलेजं आहेत. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. दर्जा अभिजात आणि अक्षर उणे ८२, असं किती दिवस चालवायचं?

माझी मागणी फार मोठी नाही. अभ्यास मंडळाची बैठक नको, अनुदान नको, समिती तर नकोच. सी शिकवणाऱ्या मास्तरांनी स्ट्रिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये पाच प्रश्न बदलावेत. पहिला: स्वतःचं नाव मराठीत घ्या आणि त्याचे सगळे बाईट आकड्यांत छापा. दुसरा: त्याच नावाची बाईट, कोडपॉइंट आणि अक्षरं अशी तिन्ही मोजमापं काढा आणि वेगळी का आली ते दोन ओळींत लिहा. तिसरा: ते २० बाईटच्या जागेत बसवा, पण अक्षर मधे न तोडता आणि शेवटचं शून्य न विसरता. चौथा: 'वऱ्हाड' तीन रीतींनी लिहा, ते एकच आहेत असं सांगणारं फंक्शन लिहा, आणि तुमच्या फंक्शनने दऱ्या आणि दर्या एक केले तर मार्क कापा. पाचवा: "रामाला भाला मारा" उलटं करा. उत्तर आजीला दाखवून तपासा.

टर्बो सी मात्र काढावं लागेल. त्याला आता सुखाने जाऊ द्या, बिचारं फार राबलं.

या पाच प्रश्नांना दोन तास पुरतात. त्या दोन तासांत पोराला बाईट कळेल, चिन्हासहित आणि बिनचिन्ह कळेल, बफर कळेल, शून्याची किंमत कळेल. म्हणजे सीच्या स्ट्रिंगमध्ये जे काही शिकण्यासारखं आहे ते सगळं. इंग्रजी उदाहरणांनी दोन सेमिस्टरमध्ये यातलं निम्मंही कळत नाही, कारण इंग्रजीत काही बिघडतच नाही, आणि बिघडल्याशिवाय कोणी आत डोकावत नाही. मराठी ही सी शिकवायला अडचण नाही, उलट यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. ती आपल्याला फुकट मिळालीय आणि आपण तिला कुलूप लावून बसलोय.

सोमवारी ज्यांचं लेक्चर असेल त्यांनी एक ओळ बदलून बघावी. 'हॅलो वर्ल्ड'च्या जागी 'वऱ्हाड' टाका, आणि स्ट्रलेन किती आला ते फळ्यावर लिहा. पुढचा तास पोरंच घेतील.